हे जरा धर

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या डुलूथमध्ये पहिल्या दोन 'नको'ला कोणी किंमत देत नाही. कॉफी घेणार का विचारलं की माणूस म्हणतो, नको. पुन्हा विचारलं की म्हणतो, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, बरं, अर्धा कप, आणि मग दोन कप पितो. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा एक तर हावरट असतो नाहीतर शिकागोचा. सदुसष्ट वर्षं मी याच रीतीने जगलो आणि त्यात काही वावगं असेल असं मला कधी वाटलं नाही. या जूनमध्ये माझ्या बहिणीने माझे डोळे उघडले.

आर्डिस माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, तीही आमच्या उतारांवर, बर्फात. निम्मं गाव तिच्यामुळे शिकलं. तिचा नवरा ऑरिन दोन हिवाळ्यांपूर्वी गेला आणि मागे एक कॅम्पर व्हॅन राहिली. आत पलंग, दोन शेगड्या, भांडी ठेवायला कप्पे, सगळं ऑरिनने स्वतःच्या हातांनी केलेलं. दर उन्हाळ्यात दोघं त्या गाडीतून सुपीरियर सरोवराला पूर्ण फेरी मारत. गाडी किनाऱ्याला लावायची आणि सायकली काढून हिंडायचं. ऑरिन सहा फूट चार इंच. त्याने सायकलींचा रॅक बसवला होता गाडीच्या टपावर, आणि फळीवर टोपी ठेवावी तशा तो सायकली वर ठेवायचा. आर्डिसचा हात त्या टपाच्या कडेलाही पोचत नाही.

दोन उन्हाळे गाडी अंगणात उभी राहिली. या वर्षी मे संपता संपता ती म्हणाली, "डेल, मी फेरीला जाणार. एकटी."

"जा ना, ताई. पण सायकल घरी ठेव."

"आणि तिथे जाऊन काय करू? गाडीत बसून पाणी बघू? माझे गुडघे चालताना बोंबलतात. सायकलवर गुमान फिरतात." मग तिने कॉफीचा कप खाली ठेवला. "सायकल माझी मला चढवता-उतरवता आली तर जाईन. नाही आली तर गाडी विकून टाकीन. हर्मनटाऊनचं एक जोडपं रविवारी चर्च सुटल्यावर गाडी बघायला येतंय."

ती उगाच बोलणारी बाई नाही. बसमध्ये 'खाली बस नाहीतर उतरवीन' म्हणाली की ती खरंच उतरवायची. म्हणून गुरुवारी मी तिच्याबरोबर रॅक घ्यायला गेलो. तिला नको होतं, पण तिने दोनदाच नको म्हटलं.

दुकान लाइलचं, मोठ्या शटरचं, गाडी थेट आतच घेता येते. लाइल चाळिशीचा असेल, पण लहानपणी तिच्या बसमधून शाळेत जायचा, त्यामुळे अजून तिला आर्डिसकाकू म्हणतो आणि तिच्यासमोर च्युइंग गम गिळून टाकतो. त्याने गाडीच्या मागच्या दारावर बसणारा रॅक काढला. चांगला दिसत होता, हलका, छातीच्या उंचीवर. त्याने तो तिथल्या तिथे दाराला अडकवून दिला. आता सायकल चढवायची. ती बॅटरीवर चालणारी, मुलांनी तिच्या पासष्टाव्या वाढदिवसाला दिलेली, वजन पंचावन्न पौंड.

"मी धरतो, काकू," लाइल म्हणाला.

"नको. माझी मला चढवू दे."

"थोडा हात लावतो फक्त."

"अरे नको म्हटलं ना."

लाइल मागे सरला. मीही मागे सरलो. आर्डिसने दीर्घ श्वास घेतला, दांडी धरली, आणि सायकल अलगद वर गेली. पहिल्याच झटक्यात! तिचा चेहरा असा उजळला की दोन वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. तिने सायकलची घंटी वाजवली आणि म्हणाली, "हाच. स्क्रू पक्के कर, लाइल."

लाइलने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

त्याचं असं आहे की मी अडतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. वर जाणारी वस्तू दिसली की माझे हात विचारत नाहीत. ती दांडी उचलत होती तेव्हा माझी चार बोटं मागच्या चाकाखाली होती. आणि लाइल तिच्या पाठीमागून सीटखाली दोन लावून उभा होता.

तिच्या स्वयंपाकघरात आम्ही कॉफी प्यायला बसलो. तिने टेबलावर नकाशा पसरला. पहिला मुक्काम ग्रँड मरे, तिथे दोन दिवस, मग देशाची सरहद्द ओलांडून पुढे. ती गुणगुणत होती. मी कप बाजूला सरकवला. मी सांगून टाकलं.

आर्डिसने पेन्सिल खाली ठेवली. "किती बोटं?"

"चार."

"आणि त्या गाढवाची?"

"दोन. सीटखाली."

"म्हणजे सहा." ती उठली, खिडकीपाशी गेली आणि परत आली. "सहा बोटांनी माझं वाटोळं करायला निघाला होतात! सरहद्दीपलीकडे कुठे पावसात मी सायकल खाली काढली असती आणि ती वर गेलीच नसती, तर काय केलं असतंस? बोटं पोस्टाने पाठवली असतीस?"

"ताई, मला वाटलं—"

"तुला कायम वाटतंच. मी दोनदा नको म्हणाले होते."

"तिसऱ्यांदा नव्हतीस म्हणाली," मी पुटपुटलो. हे बोलायला नको होतं. बसमधल्या पोरांकडे आरशातून बघायची ना, तशी तिने माझ्याकडे बघितलं.

मग ती खुर्चीत बसली आणि तिचा आवाज उतरला. "ऑरिननेही मला कधी उचलू दिली नाही. मला वाटायचं, हे प्रेम आहे. होतंच ते. पण मी शिकायची राहून गेले ना, डेल. आता मला कोण शिकवणार? तुम्ही सगळे इतके चांगले आहात की मला काय जमतं आणि काय नाही, हेच मला कळत नाही."

मला फार वाईट वाटलं. मी भांडी घासायला उठलो, तर तीही तिने घासू दिली नाहीत.

शनिवारी सकाळी पुन्हा दुकान. आर्डिस माझ्या आधी पोचली होती. मी आत पाऊल टाकलं तशी ती दोन्ही हातांत टॉवेलने गुंडाळलेला ट्रे घेऊन समोर आली. "हे जरा धर."

मी धरला. चटका बसला. रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, आत्ता ओव्हनमधून काढलेल्या, मोठा काचेचा ट्रे, काठोकाठ भरलेला.

"सांडल्या तर बघ," ती म्हणाली. मग लाइलकडे वळली. एका हातात कॉफीचा भलामोठा थर्मास दिला, दुसऱ्या हातात एकावर एक रचलेले सहा कप. "आईचे आहेत. यातला एकही फुटता कामा नये."

मी ट्रे ठेवायला जागा शोधली. काउंटरवर तिची पर्स, हेल्मेट, कोट, छत्री आणि एक उशी अशी काही पसरली होती की बशी ठेवायला जागा नव्हती. जूनमध्ये छत्री आणि उशी घेऊन सायकलच्या दुकानात कोण येतं? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नातल्या वाढप्यांसारखे आम्ही दोघं भिंतीला लागून उभे राहिलो.

आर्डिसने आधी तोच दारावरचा रॅक घेतला. सायकल गुडघ्यापर्यंत आली, मांडीपर्यंत आली आणि थांबली. तिने पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मग तिने सायकल खाली ठेवली. "हा गेला," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसरा रॅक दोन दांड्यांचा होता. त्याला सायकल टांगायची. पुढची बाजू चढली, मागची घसरली आणि पॅडल तिच्या नडगीवर खरवडत गेलं.

"काकू, रक्त येतंय!"

"माझंच आहे. कप सांभाळ."

मी एक पाऊल पुढे टाकलं. ट्रे कलला, वड्या सरकल्या. "डेल!" ती ओरडली, आणि मी जागच्या जागी खिळलो. खरं सांगतो, अडतीस वर्षांत मी चाळीस टनांचे कंटेनर उचलले, पण त्या ट्रेइतकं जड काही धरलेलं मला आठवत नाही.

ती स्टुलावर बसली, नडगीला रुमाल बांधला. "अजून काय आहे?"

"तसं नाही काही," लाइल म्हणाला. त्याची नजर कोपऱ्याकडे गेली.

"त्या कोपऱ्यात काय आहे?"

"ते होय..." लाइल लाल झाला. "ते आहे, पण ते म्हणजे... वयस्कर लोक घेतात ते, काकू. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दाखवलं नाही."

"मी सत्तर वर्षांची आहे, लाइल. मला कल्पना आहे."

तो रॅक गाडीच्या मागे खाली बसायचा, जिथे ट्रेलर जोडतात तिथे. जमिनीपासून जेमतेम गुडघ्याइतका उंच, चाकांसाठी लांब पन्हाळी, आणि बाजूला सायकल ढकलत चढवायची एक अरुंद उतरण, घडी घालून ठेवलेली. लाइलने कप आणि थर्मास तसेच धरून तोंडाने सांगितलं आणि तिने तो स्वतः बसवला. खिट्टी कुठली, कशी फिरवायची, सगळं. अर्धा तास गेला असेल. माझे दंड भरून आले होते, पण ट्रे कलू दिला नाही.

आधी तिने सायकलची बॅटरी काढून शेजारच्या स्टुलावर ठेवली. निम्मा जडपणा तिथेच गेला असं नाही, पण थोडा गेला. मग उतरण लावली आणि सायकल ढकलायला लागली. पुढचं चाक वाकडं झालं, सायकल खाली आली. पुन्हा. या वेळी मध्यावर पोचल्यावर तिने ब्रेक दाबला आणि उभी राहिली, धापा टाकत. सायकल तिथेच थांबली. दुसऱ्या कोणी धरलेली नव्हती, तिनेच धरली होती. मग दोन पावलं, आणि चाकं पन्हाळीत धप्पकन बसली. तिने पट्टे आवळले, सायकल गदागदा हलवून बघितली, पायाने खटका दाबून अख्खा रॅक मागे कलता केला आणि गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. शेगडीपर्यंत हात पोचत होता.

"झालं!" मी ओरडलो.

"कसलं झालं? एकदा जमलं म्हणजे नशीब असतं." तिने सायकल उतरवली आणि पुन्हा चढवली. मग परत उतरवली आणि तिसऱ्यांदा चढवायला लागली.

तेवढ्यात दार ढकलून एक दाढीवाला धिप्पाड गृहस्थ आत आला. उतरणीवर सायकल ढकलणारी म्हातारी बघून तो तसाच धावला. "अहो थांबा, थांबा, मी करतो!"

"बरं झालं आलात," आर्डिस म्हणाली. एका हाताने ब्रेक दाबून धरत तिने बॅटरी उचलली आणि त्याच्या हातात ठेवली. "हे जरा धरा. दोन्ही हातांनी हं, नाजूक असतं." तो बिचारा मुकाट्याने आमच्या रांगेत येऊन उभा राहिला.

तिसऱ्यांदा सायकल चढली. आर्डिसने घंटी वाजवली, एकदा नाही, वाजवतच राहिली, शाळा सुटल्यासारखी. टाळ्या वाजवायला आमचे कुणाचेच हात मोकळे नव्हते. लाइलने पाय आपटायला सुरुवात केली, मग मी, मग तो दाढीवालाही, कशासाठी ते माहीत नसताना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसताही येईना.

वड्या अजून कोमट होत्या. दाढीवाला आधी नको म्हणाला, मग कशाला म्हणाला, मग तीन खाल्ल्या. आर्डिसने दुकानातूनच हर्मनटाऊनला फोन लावून गाडी विकायची नाही असं सांगितलं, आणि लगेच रविवारी कॉफीला मात्र या म्हणाली. ते नको म्हणाले. अर्थातच रविवारी आले.

सोमवारी सकाळी मी तिला निरोप द्यायला गेलो. सायकल मागे बसलेली, पट्टे आवळलेले. मी एकही पट्टा ओढून बघितला नाही. म्हणजे हात तिकडे गेला होता, पण मी तो खिशात घातला. आर्डिस गाडीत चढली, आरसा नीट केला आणि काच खाली केली.

"डेल, येतोस का? शेजारची सीट रिकामी आहे. ग्रँड मरेपर्यंत चल, परत यायला बस आहे."

"नको," मी म्हणालो. घरी माझी वाट बघायला टीव्ही आणि गवत कापायचं यंत्र, एवढीच मंडळी होती. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की एक पाय आधीच गाडीच्या दाराकडे वळला होता.

"खरंच चल ना."

"कशाला उगाच तुला अडचण."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. पुढे काय येतं ते या गावात जन्मलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

"तिसऱ्यांदा विचारू का?" ती हळूच म्हणाली.

"नको विचारूस, ताई. विचारलंस तर येईन."

ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, ऑरिन असताना हसायची तशी. मग शेजारच्या सीटवरून वड्यांचा रिकामा ट्रे उचलला आणि खिडकीतून माझ्या हातांत दिला. "मग हे जरा धर."

गाडी निघाली. दोन्ही हातांत ट्रे, त्यामुळे मला हात हलवता आला नाही. कोपऱ्यावर तिने हॉर्न वाजवला आणि मागे सायकलचं चाक उन्हात चमकलं. ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं आहे. ती परत आली की तो द्यायचा आहे, आणि रिकामा देऊन चालणार नाही, म्हणून सध्या मी वड्या करायला शिकतोय. पहिल्या दोन खेपा जळल्या. शेजारीण मदतीला येऊ का विचारत होती. मी तिला तीन वेळा नको म्हटलं.