उभं राहून हरणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आणि आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. कीव करणारे लोक लांबूनच मान वाकडी करून बघतात, "अरेरे, किती जुनी!" म्हणतात आणि पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. जरा टेका कुठेतरी आणि ऐका.

मी राहते एका फुटबॉल क्लबच्या संग्रहालयात. संग्रहालय आहे नव्या स्टेडियमच्या पोटात. स्टेडियम कसलं, काचेचा डोंगरच! फाटकाला फोन दाखवला की ते आपोआप उघडतं. मैदानातल्या गवताला ऊन कमी पडू नये म्हणून चाकांवरचे मोठाले दिवे त्याच्यावरून फिरवतात. एवढे लाड तर गवताच्या आजोबा-पणजोबांनी स्वप्नातही पाहिले नसतील. प्रेक्षकांच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या, गुबगुबीत, पेला ठेवायला खाच असलेल्या. माणूस उठला की त्या इतक्या हळूच मिटतात, जणू काही चोरी करून निघाल्यात.

मी तशी नाही. मी आवाज करतच जन्माला आले.

मोडीत काढलेल्या आगगाडीच्या डब्यांच्या फळ्यांपासून एका सुताराने मला आणि माझ्या कितीतरी बहिणींना बनवलं. रांगेतून माणसांना जाता यावं म्हणून आमची बसायची फळी मागे दुमडायची. तिला लोहाराने स्प्रिंग बसवली, पण जरा जास्तच ताठ. माणूस उठला रे उठला की फळी पाठीवर जाऊन आदळायची. खटाक!

क्लबचे मॅनेजर बघायला आले होते, ते दचकलेच. "अहो, हा काय आवाज?"

सुतार दातांत धरलेला खिळा न काढताच म्हणाला, "उठलेला माणूस कळायला नको का साहेब?"

मॅनेजर बिलावर सही करून निघून गेले. अशा रीतीने माझा आवाज मंजूर झाला.

माझ्यावर बसायचे एक बसड्रायव्हर. आठवडाभर दुनियेला बसवून नेणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी तेवढा स्वतः निवांत बसायला यायचा. मांडीवर लेक. ती अखंड चिवचिव करायची म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. माझ्या फळीत एका टोकाला आगगाडीच्या स्क्रूचं जुनं भोक आहे. चिमणी गोळ्या खायची आणि गोळ्यांचे कागद त्या भोकात कोंबायची. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी कधी तक्रार केली नाही.

आमचा क्लब म्हणजे हरण्यात पटाईत. शेजारचा माणूस उशिरा धापा टाकत यायचा आणि विचारायचा, "किती गोल खाल्ले?" ड्रायव्हर म्हणायचे, "थांब की जरा, अजून भूक लागायचीय त्यांना."

एकदा मात्र फारच झालं. आमच्यावर तीन गोल चढले होते. दहा मिनिटं उरली होती आणि लोक गुपचूप घरी निघाले होते. ड्रायव्हर उठले. मी खटाक केलं.

"चाललात?" शेजाऱ्याने विचारलं.

"चाललो कुठे? उभा राहिलोय. हरायचंच आहे ना, मग उभं राहून हरू. बसून कशाला?"

आणि त्यांनी माझी फळी हाताने खाली दाबली आणि सोडून दिली. खटाक! पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. शेजाऱ्याच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीशी चिमणीनेही तेच सुरू केलं. तिला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागत होतं. मग शेजारी उठला. मग मागची रांग. निघालेले लोक जिन्यात थबकले आणि परत वळले. बघता बघता सगळी बाजू उभी राहिली आणि आम्ही शेकडो बहिणी एका दमात बोलायला लागलो. समोरच्या संघाचा गोलकीपर वळून वर बघायला लागला, आणि त्याच्या पायाजवळून चेंडू जाळ्यात गेला.

सामना जिंकलो? छे! तीन विरुद्ध एक असा चक्क हरलो. पण त्या दिवशी लोक घरी गेले ते ताठ मानेने.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. संघ हरत असला की शेवटची दहा मिनिटं कुणी बसायचं नाही, आणि खुर्च्यांनी गप्प राहायचं नाही. क्लबने पाटी लावली, 'खुर्च्या आपटू नयेत'. पाटीखालच्या रांगेने असा काही दणका दिला की आठवडाभरात पाटीच खाली आली.

पुढे ड्रायव्हर म्हातारे झाले आणि मग यायचे थांबले. त्यांच्या जागी चिमणी एकटी येऊ लागली. ती कपडे शिवायची. बोटांना नेहमी दोरे चिकटलेले असायचे. लग्न झालं, आणि एक दिवस ती तान्ही मुलगी छातीशी बांधून आली. बाई दमलेली होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे गुंडाळलेले. ते पोर घरात म्हणे मिनिटभर झोपायचं नाही. माझ्यावर मात्र गाढ झोपलं, एवढ्या गदारोळात! आम्ही गोल खाल्ला आणि मैदान चिडीचूप झालं, तेव्हा कुठे ते दचकून उठलं.

"शांतता झाली की घाबरते ही," चिमणी शेजाऱ्याला म्हणाली. "खटाक झालं की पुन्हा झोपेल."

झोपलीच ती. मित्रांनो, मला त्या दिवसाचा जो अभिमान आहे तो आजही कमी झालेला नाही.

मग नवं स्टेडियम बांधायचं ठरलं. आमचे बोल्ट उघडले. माझ्या बहिणी ट्रकमधून गेल्या. कुठे गेल्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि त्याचा राग मी अजून सोडलेला नाही. मी रांगेच्या टोकाला होते, न मोडता निघाले, म्हणून एकटी संग्रहालयात आले.

तिथे एका कारागिराने मला नवी नवरी करून टाकलं. चिकटलेलं च्युइंगगम खरवडलं, पॉलिश केलं. आणि खटाक आवाज म्हणजे काहीतरी बिघाड, असं समजून पाठीवर जिथे फळी आदळायची तिथे मऊ कापडाच्या जाड गाद्या चिकटवल्या. सगळं अगदी मायेने केलं हो त्याने. पण माझी वाचा गेली.

मग आली दोरी. आणि दोरीवर पाटी. 'या खुर्चीवर बसून चाहत्यांनी इतिहास घडताना पाहिला. कृपया बसू नये.' वाचलंत? एका दमात दोन्ही! बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की जुन्या मैदानाचा आवाज ऐकू येतो. त्यात टाळ्या आहेत, शिट्ट्या आहेत. आम्ही नाही.

एके शनिवारी संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई माझ्यासमोर उभ्या राहून पहारेकऱ्याला म्हणाल्या, "इथे कुणी थांबतच नाही हो. सोमवारी ही गोदामात टाकू. इथे मोठा पडदा लावायचाय."

"बरं," पहारेकरी म्हणाला.

बरं! मला गोदामाचं भय नव्हतं. पण मुकी होऊन गेले असते, तर ड्रायव्हर काय म्हणाले होते ते सांगणारं इथे कोण उरलं असतं?

आणि रविवारी चिमणी आली. आता ती आजी झाली होती. गुडघे धरून धरून चालत होती. सोबत तिची लेक, तीच, गदारोळात झोपणारी. आणि लेकीच्या खांद्यावर तिचं तान्हं बाळ, भोकाड पसरून रडणारं. संग्रहालयात गालिचे आहेत, सगळे माहिती सांगणारं यंत्र कानाला लावून फिरतात. त्या शांततेत बाळाचं रडणं छताला लागत होतं. लोक वळून बघत होते. लेक रडकुंडीला आली होती.

"आई, मी हिला बाहेर नेते गं. सगळे माझ्याकडे बघतायत."

"बघू देत. त्यांच्या आयांनाही कधीतरी असंच वाटलं असेल." चिमणी पुढे आली, वाकली, आणि तिने माझ्या फळीतल्या भोकात बोट घातलं. "अगं! ही तर आमची!"

दोरी उचलून ती सरळ माझ्यावर बसली. मित्रांनो, किती वर्षांनी माणसाचा भार अंगावर आला!

पहारेकरी धावला. "अहो आजी, उठा! नियम आहे!"

"उठते ना बाबा. उठायलाच बसलेय."

ती उठली. फळी मागे गेली. आवाज आला नाही.

तिने पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. नाही. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता गोदामात जावं. मग तिने मागे हात घातला आणि चाचपून बघितलं.

"अरे देवा! हिला मोजे घातलेत!"

चिकटवलेलं कापड सोडवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. नखाने कडा उचलून तिने एक गादी ओढली.

"आजी, हात नका लावू, माझी नोकरी जाईल!"

"तू तिकडे ते करंडक बघ. फार नाहीत, लवकर बघून होतील."

पहारेकऱ्याला हसू आलं, आणि तेवढ्यात दुसरी गादीही निघाली. चिमणीने फळी दाबली. मी श्वास रोखला. तिने सोडली.

खटाक!

बाळ रडायचं थांबलं. डोळे मोठ्ठे. खटाक! पापण्या जड. खटाक! मान आईच्या खांद्यावर. लोकांनी कानांवरची यंत्रं काढली आणि ते माझ्याभोवती गोळा झाले. संग्रहालयाच्या बाई धावत आल्या.

"काय पडलं? काय पडलं?"

"शूऽऽ!" लेक त्यांच्यावरच ओरडली. "बाळ झोपलंय!"

खटाक, मी म्हणाले.

बाई एकदा बाळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढ्या आवाजात?"

"तिची आईही अशीच झोपायची," चिमणी म्हणाली. मग तिने दहा मिनिटांची रीत सांगितली, वडिलांचं वाक्य सांगितलं. बाईंनी माझ्या फळीवरून हात फिरवला. मग इकडे तिकडे बघत हळूच म्हणाल्या, "मी एकदा करून बघू?"

सोमवारी पडदा आला, तो समोरच्या भिंतीवर लागला. माझी दोरी गेली. पहारेकऱ्याला माझ्याशेजारी उभं केलंय, पोरांची बोटं चेमटू नयेत म्हणून. लोक म्हणतात, अशाने ही खुर्ची लवकर झिजेल. झिजू दे! मी झिजायलाच बनले.

तेव्हा मित्रांनो, जुनं काही तुमच्या हाती आलं, तर ते पुसूनबिसून, गप्प करून कोपऱ्यात ठेवू नका. त्याला त्याचं काम करू द्या. ते कुरकुरेल, खडखडेल, तुमच्या पाहुण्यांना दचकवेल. दचकू देत.

परवा सामना होता. आम्ही हरत होतो, अर्थातच. दहा मिनिटं उरली तसा पहारेकरी कुणी न सांगता पुढे झाला, प्रेक्षकांच्या बाजूचं दार त्याने सताड उघडलं, माझी फळी दाबली आणि सोडली. बाहेर प्रेक्षकांत कुठेतरी चिमणीची नात आईच्या खांद्यावर झोपलेली होती. त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना आवाज नाही, पण माणसांना पाय आहेत. आधी एक रांग उठली. मग पुढची. मग सगळी बाजू.

हरलो आम्ही. पण बसून नाही.