नेमातली बारीक खरखर

यमुताईंचा नेम असा, की सकाळी दिवा लावायचा आणि देवापुढे एक भजन म्हणायचं. एकच. माहेरी होत्या तेव्हापासून तो चुकला नव्हता. आता परवा गळ्याची गाठ काढायची होती, आणि डॉक्टरांनी पुढे महिनाभर बोलायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हा भजन भरून ठेवावं आणि देवघरातल्या छोट्या स्पीकरवर रोज लावावं, असं त्यांनी ठरवलं.

भाड्याची खोली घेऊन गाणी रेकॉर्ड करणारा त्यांचा भाचा भूपेश माईक आणि लॅपटॉप घेऊन सकाळीच आला. सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते आधी ठरवावं लागतं, अठ्ठेचाळीस हजार पुष्कळ झाले, असं त्यानं सांगितलं. ताईंनी विचारलं, यापेक्षा जास्त मिळतात का? दुप्पट मिळतात, पण त्यात जे जास्तीचं येतं ते वटवाघळालाच ऐकू जातं, असं तो म्हणाला.

"आन् देवाले?"

भूपेशनं शहाण्णव हजार लावले. जुन्या लॅपटॉपला ते झेपले नाहीत. कडव्यांत मधेमधे भोकं पडली.

"मावशी, पुन्हा एकदा म्हण वं."

"आजचं झालं," ताई म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हाती उरलेल्या शेवटच्या सकाळी, त्यांनी अठ्ठेचाळीस हजारांना हरकत घेतली नाही. दिवा विझू नये म्हणून पंखा बंदच असायचा, तेवढी भूपेशची सोय झाली. भजनाच्या शेवटी येणारं देवाचं नाव त्या नेहमीसारखंच अगदी हळू, विरत विरत म्हणाल्या. सगळं नीट उतरलं.

पण स्पीकरला चालेल अशी लहान फाइल करताना ते हळू नावच बिघडलं. आवाजाच्या पायऱ्या कमी झाल्या, की हळू सूर दोन पायऱ्यांच्या मधे अडकतो, भूपेश म्हणाला. त्यावर उपाय म्हणजे सगळीकडे सारखी, अगदी बारीक खरखर मिसळायची. त्याला डिदर म्हणतात.

ताईंचा आवाज मुळातच लहान. भूपेशला हेडफोन काढून ऐकावं लागलं.

"देवापुढं ठेवाच्या वस्तूत मुद्दाम कचरा टाकून राहिला का तू?"

त्यानं हेडफोन त्यांच्याच कानांवर ठेवले आणि दोन्ही फाइली ऐकवल्या. पहिलीत नाव किरकिरत, तुकडे होत संपलं. दुसरीत मंद आचेवर रवा भाजावा तशी खरखर होती, पण नाव तिच्यात अखंड बुडत गेलं. दुसरी त्यांनी परत लावायला सांगितली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नाव तुटाले नको."

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पहिल्याच सकाळी, गळ्याला पट्टी असताना, त्यांनी दिवा लावला, स्पीकर लावला आणि हात जोडून बसल्या. त्यांचे यजमान दत्तोपंत भजन संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. नाव विरलं. मग खरखरही थांबली.

"झाला का वं नेम?" दत्तोपंतांनी विचारलं. "चहा ठेवू?"

ताईंनी दिव्याची वात जरा पुढे सारली. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि दत्तोपंतांनी गॅस पेटवला.