खालच्या गटाचा हॉल

हँडबॉल संघटनेच्या कचेरीत आकडे जुळवणारी एकच बाई होती. तिला सगळे आकडेताई म्हणत. अध्यक्षांनी तिला काम दिलं होतं, घरच्या हॉलमध्ये खेळण्याचा फायदा कुणाला होतो ते काढ. तिनं संघांचे तीन गट पाडले, वरचा, मधला, खालचा, आणि उत्तर दिलं: वरच्यांना थोडा, मधल्यांना भरपूर, खालच्यांना शून्य.

अध्यक्षांना पडत्या फळाची आज्ञा झाली. खालच्यांना घराचा उपयोगच नाही, तर त्यांचे हॉल पोसायचे कशाला? घाला कुलपं, सामने हलवा मोठ्या शहरात. पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याची चूल नेहमीच फालतू वाटते.

ताईचा मामा अशाच एका गळक्या हॉलच्या संघाचा प्रशिक्षक. पण तो संघ मधल्या गटात बसल्यानं सुटला होता. ती आनंदानं सांगायला गेली, तर मामा गुडघे टेकून फरशीवरची राळ खरवडत होता. चेंडू निसटू नये म्हणून पोरं बोटांना चिकट राळ फासतात आणि ती साफ करताना मामाची कंबर जाते.

बातमी ऐकून मामा खूश व्हायचा सोडून बुचकळ्यात पडला. आपण मधले कधी झालो? गेल्या वर्षी तळाला होतो, यंदाही बाहेर जाऊ तिथं मार खाल्लाय.

"घरी जिंकलात म्हणून वर चढलात," ती म्हणाली, आणि गटांचा कागद काढून पुन्हा वाचू लागली.

तिनं गट पाडले होते मोसम संपल्यावरच्या गुणांवरून. घरी जिंकणारे दुबळे संघ त्या गुणांवर मधल्या गटात चढले. खाली उरले ते घरीही हरलेले. पास झालेली पोरं वर्गाबाहेर काढायची आणि उरलेल्यांकडं बोट दाखवून म्हणायचं, शिकवण्याचा उपयोग नाही!

गट पाडायला हवे होते गेल्या वर्षीच्या ताकदीवरून. पण मग मामाचा संघ खाली येणार. अध्यक्षांनी नवे गट घेऊन निर्णय जुनाच ठेवला तर मामाच्या हॉललाही कुलूप.

"मी गप्प बसले तर तू नक्की वाचतोस, मामा."

मामानं हातातली खरवडणी खाली ठेवली. "बाकीच्यांची फरशी कोण खरवडतं, ठाऊकाय? माझ्यासारखीच गाढवं. जा, टाक आम्हाला खाली."

बैठकीत तिनं सरळ सांगितलं, माझे गट चुकले. गेल्या वर्षीच्या ताकदीवरून पाहिलं तर खालच्यांनी जवळजवळ सगळे गुण घरच्या हॉलमध्येच कमावलेत. अध्यक्षांनी विचारलं, हे आधी का नाही दिसलं? उत्तर सोयीचं आलं की कुणी तपासत नाही, ती म्हणाली, मीही नाही तपासलं.

"म्हणजे तुमचे मामा खालच्या गटात?" अध्यक्ष म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

"तळाला. आणि यंदा त्यांच्या हॉलमध्ये ज्यांनी मार खाल्ला, त्यात तुमच्या शहराचा संघही आहे, साहेब."

पुन्हा कुणी हसलं नाही. साहेब लोक निर्णय मागं घेत नाहीत, पुढं ढकलतात. तसा तो वर्षभर ढकलला. तोवर सगळे हॉल उघडे, पण खालच्या गटावर नजर, आणि त्यात आता मामाचाही हॉल.

ती तोंड पाडून सांगायला गेली. मामानं ऐकून घेतलं, म्हणाला, वर्ष काय थोडं झालं? मग दुसरी खरवडणी तिच्याकडं सरकवली.

"खालच्या गटात आलीयेस ना? टेक गुडघे."

ताईनं बाह्या वर केल्या आणि गोलजवळच्या डागापासून सुरुवात केली.