दहावा दाखला

"जगात कुठंही केळीच्या जनुकांवर काम करा, या हितेंद्र बोरसेचं नाव घेतल्याशिवाय पुढचं पान लिहिताच येत नाही!"

धुळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बोरसे सरांनी असं ठणकावून सांगितलं आणि संशोधनाची जाडजूड फाईल ज्योती मॅडमच्या टेबलावर आपटली. प्रोफेसरपदाचे फॉर्म मॅडम बघायच्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनवर बोट फिरवलं.

"सर, पेपर एक्केचाळीस. त्यांचे दाखले, म्हणजे सायटेशन, एकशे बारा."

"बघा!"

"त्यातले एकशे तीन तुम्हीच दिलेत. तुमच्याच पुढच्या पेपरांत."

"मग या विषयात दुसरं आहे कोण, मॅडम?"

"ते मला नका विचारू. परक्यांनी दिलेले दहा लागतात. तुमचे नऊ आहेत. शनिवारी ऑनलाइन तपासणी. आज मंगळवार."

सर वर्षअखेर रिटायर होणार होते. प्रोफेसर होऊन जायचं की नुसतंच जायचं, हे आता जगातल्या कुणा एका अनोळखी माणसाच्या हातात होतं.

देवपुरातल्या दोन खोल्यांत सर एकटेच राहायचे. 'एवढा डेटा हातात आला की बघू' म्हणता म्हणता लग्न राहून गेलं. डेटा आला, तोवर स्थळं यायची थांबली होती. दुसरे लोक सकाळी मुलांचा फोन येऊन गेला का बघतात, तसं सर चूळ भरायच्याही आधी दाखल्यांचं पान उघडत. बुधवारी तिथं दहावा दाखला होता. ब्राझीलच्या कुणा बाईंचा!

सर तसेच लॅबमध्ये धावले. तीस वर्षांपासूनचे अटेंडंट सुकदेव नाना काचेच्या नळ्या धूत होते. सरांनी त्यांना बाईंचा पेपर मराठीत सांगायला घेतला आणि मध्येच एक ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागले.

"काय लिखेल शे, सर?"

"लिहिलंय की, मी जळगावच्या केळीत शोधलेलं 'खान्देश-१' जनुक केळीचं नाहीच. माणसाचं आहे. ज्यानं नमुना हाताळला, त्याचंच असावं."

"मनं नही हां! त्या साल मी इलेक्शन ड्यूटीले साक्रीले व्हतू."

"माहितीये, नाना."

नमुना तपासला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, कॉलेज ओस, हातमोज्यांचं खोकं संपलेलं. त्या दोन महिन्यांत लॅबमध्ये सरांशिवाय चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

"म्हणजे केळीमा तुम्हीच निंघनात?" नाना हसत सुटले. "इतला वरीस सोतालेच धुंडी राहिनात!" मग सरांचा चेहरा बघून ते ओशाळले. "बसा सर, चहा लई येस."

ज्योती मॅडमना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "दाखला कौतुकाचा की बदनामीचा, असा रकाना फॉर्ममध्ये नाहीये. दहा झाले. अभिनंदन, सर."

इथं थांबायला हवं होतं. पण सरांना राहवेना. पहिले नऊ दाखले ओळखीच्या लोकांनी आहेराची परतफेड करावी तसे दिलेले. पेपर उघडून, अक्षर न् अक्षर पडताळून बघणारं माणूस एक्केचाळीस पेपरांत पहिल्यांदाच भेटलं होतं, मग ते चूक काढायला का आलेलं असेना. सरांनी बाईंना पानभर पत्र लिहिलं. हातमोजे संपल्याचं लिहिलं, त्या उन्हाळ्याचं लिहिलं, चूक सगळी माझीच, असंही लिहिलं. शेवटी भीत भीत विचारलं, 'तिसरी आकृती मी हातानं काढली होती. तुम्हाला कशी वाटली?'

शुक्रवारी उत्तर आलं.

'आदरणीय सर, आम्ही कुणाचेच पेपर वाचले नाहीत. चार लाख नोंदी संगणकानं चाळल्या आणि चुकीच्या निघाल्या त्यांची यादी केली. त्या यादीत इतका प्रामाणिक माणूस असेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या नावाला डाग लागू नये, म्हणून तुमचा उल्लेख आमच्या पेपरातून आजच काढून टाकला आहे.'

सरांनी हे नानांना वाचून दाखवलं नाही.

शनिवारी तपासणी झाली. दाखले नऊ भरले.