तोफेची पाठ

हिप-हॉपच्या दुनियेत त्याला तोफ म्हणत. तीस वर्षं त्याने अशा वेगाने रॅप केलं होतं की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. घरी मात्र तो पिल्याच होता. थोरल्या बहिणीने ठेवलेलं नाव बावन्नाव्या वर्षीही सुटत नाही.

त्या वर्षी त्याने नवा अल्बम करायला घेतला. लहानपणी घरात वाजायचं तसं अस्सल फंक संगीत, खरी बेस गिटार, खरे ड्रम. मुखपृष्ठाच्या फोटोसाठी फोटोग्राफर म्हणाला, "जरा कंबर सैल सोडा." तोफेने ती इतकी सैल सोडली की पाठीत उसण भरली आणि त्याला गाडीत आडवं घालून ताईच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ताई फिजिओथेरपिस्ट होती.

"नाचत होतास?" त्याला पालथं झोपवत तिने विचारलं.

"फोटो काढून घेत होतो."

"मग फोटोग्राफर कसा धडधाकट?"

शेक चालू असताना त्याने फोनवर कच्ची गाणी लावली. ताईने तीन गाणी ऐकली.

"वाजवणारे छान आहेत," ती म्हणाली.

"आणि मी?"

"ते सगळे पहिल्या ठोक्यावर एकत्र उतरतात. तू त्याआधीच उडी मारून मोकळा. कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

"ताई, तू मला ताल शिकवणार? तीस वर्षं मी..."

"घरातल्या त्या फंकच्या रेकॉर्डी कुणाच्या होत्या रे?"

दर मुलाखतीत त्याने रेकॉर्डी बाबांच्या असल्याचं सांगितलं होतं. बाबा फक्त बातम्या ऐकायचे. रेकॉर्डी ताईच्या होत्या, आणि हा त्या तिच्या पाठीमागे लावून ओरखडे पाडून ठेवायचा.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाले. "एक म्हटलं की कंबर उचलायची, चारपर्यंत धरायची. आणि तुझं गाणंही म्हण. पहिला शब्द एकावर. आधी तोंड उघडलंस तर पुन्हा पहिल्यापासून."

पहिल्या दिवशी चौदा वेळा पहिल्यापासून झालं. शेजारच्या पडद्याआड एक निवृत्त मुख्याध्यापिका ऑपरेशन झालेला गुडघा वाकवत होत्या. "आताही लवकरच आले ते," तिकडून आवाज आला.

"बाई, तुम्ही गुडघ्याकडे लक्ष द्या," तोफ कण्हत म्हणाला.

"गुडघ्याला कान लागत नाहीत."

आठवड्याभरात त्याच्या ध्यानात आलं की एकाची वाट पाहायची तर निम्मे शब्द गाळावे लागतात. त्याने ते गाळले. काही फार लाडके होते, त्यांचं वाईट वाटलं. दहाव्या दिवशी एक अख्खं कडवं जागच्या जागी बसलं. पडद्याआडून "हं" एवढंच आलं. त्या बाईंच्या शाळेत त्याला पैकीच्या पैकी म्हणत असावेत.

उभं राहणं अजून जमत नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंग स्टुडिओच्या जमिनीवर झालं. गुडघ्यांखाली उशी, वर लटकवलेला माईक. बेसवाला त्याला ओलांडून चहाला जायचा.

अल्बम आला. समीक्षकांनी लिहिलं, वयासोबत आवाजात शांतपणा आलाय. "शांतपणा कसला, उसण ती," ताई म्हणाली. नव्या मुलाखतीत मात्र त्याने सांगून टाकलं, "रेकॉर्डी बहिणीच्या होत्या. मी खोटं बोलत होतो."

चार दिवसांनी न राहवून त्यानेच फोन केला. "ऐकलास का?"

"आज दवाखान्यात लावला होता. बाई रोज दहा वेळा गुडघा वाकवतात, आज सोळा वेळा वाकवला."

"बाईंचं राहू दे. तुला कसा वाटला?"

"सोळा हे बाईंनी मोजलं," ताई म्हणाली. "मी मधेच मोजायचं विसरले."

तोफेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठेव आता," ती म्हणाली, "पेशंट खोळंबलेत. आणि वाकून काही उचलू नकोस."