दाराबाहेरचा बाक

मी बाक बोलतोय. बसायचा बाक. सागवान वगैरे नाही, साधं लाकूड. पूर्वी शाळेत होतो, तेही शेवटच्या रांगेत, त्यामुळे शिक्षण बेताचंच. माझ्यावर बसणारे शिकायला येत नसत, डुलक्या काढायला येत. तेव्हा गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

शाळेने लोखंडी बाकं घेतली आणि मला अडगळीत टाकलं. किती वर्षं, कोण मोजतो! एक दिवस एक बाई आली. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, बसून पाहिलं.

"हा डुगडुगतो हो," विकणारा उगाच प्रामाणिक झाला.

"माझ्याकडे येणारे तरी कुठे स्थिर असतात?" बाई म्हणाली. "चालेल."

ही बाई समुपदेशक. शब्द जड आहे, माझ्या तोंडी अजून बसलेला नाही. लोक येतात, मनातलं बोलतात, ती ऐकते. गोळी नाही, सुई नाही. मला तिने खोलीच्या दाराबाहेर ठेवलं. माझ्या डोक्यावर एक पंखा घरघरत असतो, थंडीतसुद्धा. आतला शब्द बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. म्हणजे माझं नशीब बघा. माणसांचं वजन मी पेलायचं आणि त्यांची गोष्ट ऐकायची आतल्या गुबगुबीत खुर्चीने!

माझ्या वाट्याला फक्त वाट बघणं. लोक माझ्या अगदी कडेला टेकतात, जणू मध्ये बसले तर पकडले जातील. फोन काढतात, ठेवतात, परत काढतात. कुणी ओळखीचं दिसलं तर 'वरच्या मजल्यावर काम होतं' म्हणून थाप मारतात. आणि काही जण दार उघडायला पाच मिनिटं उरली की उठतात आणि जिना उतरून जातात. त्या पावलांचा आवाज मला सोसत नाही. पण बाई कुणाच्या मागे धावत नाही. तिची ती रीतच आहे.

अशातच एका गुरुवारी क्रेनवाला आला. मोठ्या कारखान्यात छताजवळच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे गठ्ठे उचलणारा. आला म्हणजे काय, लेकीने हाताला धरून आणला.

"मी काय वेडा आहे?"

"हळू बोला, बाबा. वेडे असता तर तुम्हीच मला इथे आणलं असतं."

"सर्दी नाही, ताप नाही. कशाला आणलंस?"

"तीन वेळा झालं. पाळी संपली तरी तुम्ही क्रेनवरून उतरत नाही. काल साहेबांचा मला फोन आला. वर बसून करता काय एवढा वेळ?"

"काही नाही. खाली बघतो."

"त्याचीच मला भीती वाटते," लेक म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

त्याची बायको जाऊन आठ महिने झाले होते. हेही लेकीच्याच तोंडून कळलं. तो बायकोचं नावसुद्धा काढत नव्हता. दार उघडलं, तो आत गेला. लेक माझ्यावर बसून राहिली आणि नखं कुरतडत राहिली.

पाऊण तासाने तो बाहेर आला. "काय सांगितलं त्यांनी?" लेकीने विचारलं.

"काय सांगणार? मलाच विचारत बसली. सगळं मीच बोललो. मग तिचा उपयोग काय?"

"घरी आठ महिन्यांत पाऊण तास बोललात का?"

यावर तो तरातरा जिना उतरू लागला. पुढच्या गुरुवारी मात्र एकटा आला, तोही अर्धा तास आधी. मग दर गुरुवारी तसंच. माझ्यावर ऐसपैस, अगदी मधोमध बसायचा आणि आत काय बोलायचं ते पुटपुटत घोकायचा. "तिला सांगायचं, डबा उघडावासा वाटत नाही... नको, हे नको. तिला सांगायचं, परवा मी वेळेवर उतरलो." मी आपला ऐकायचो. आतलं खरं बोलणं त्या खुर्चीला, पण त्याचा सराव माझ्यापुढे! एवढ्यावरही मी खूश होतो. माणूस काय, लाकूड काय, कुणी आपल्याशी बोलतंय म्हटलं की सुखावतंच.

दोन महिने बरे गेले. मग एका गुरुवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. बाई पाच वाजता दार उघडायची, माझ्याकडे बघायची, दार लोटून घ्यायची. तिने फोन केला होता, त्याने उचलला नव्हता. 'खाली बघतो' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मला जीव असता तर तो टांगणीला लागला होता असं म्हटलं असतं.

त्यानंतर एका मंगळवारी भरदुपारी तो जिना चढून आला. बसला नाही. दार धाडकन वाजवलं. बाईने उघडलं आणि दार उघडंच राहिलं, म्हणून त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं.

"तुम्ही मला ओळखता की नाही?"

"ओळखते की."

"मग भाजीच्या दुकानात तोंड का फिरवलंत? हातभर अंतर होतं. मी टोमॅटो हातात धरून उभा राहिलो. म्हटलं, आता बोलतील. तुम्ही कोथिंबीर घेऊन चालत्या झालात. इथे 'बोला, बोला' आणि बाहेर मी कोण? खांब?"

बाई गोरीमोरी झाली. "बाहेर मी कुणालाच आपण होऊन ओळख दाखवत नाही. तुमच्या सोबतचं माणूस विचारतं, या कोण? मग तुम्हाला सांगावं लागतं की तुम्ही कुठे जाता ते. तुम्ही आधी बोललात तर मी बोलते. हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. तुम्हाला सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

"मी एकटाच होतो! माझ्यासोबत कोण असणार?"

बाई दाराला टेकून उभी राहिली.

"ती असताना बाजारात निघालो की चार पावलांवर कुणीतरी थांबवायचं. लोक तिला हाक मारायचे, मी आपला पिशवी धरून उभा. आता मला हाक मारणारं कुणी नाही. वरून दिवसभर सगळे दिसतात, पण मान वर करून कोण बघतं? त्या दिवशी वाटलं, बाजारात एक तरी माणूस आपल्याला ओळखणारं आहे. आणि तुम्ही..."

तो मटकन माझ्यावर बसला आणि रडला. मोठ्या पुरुषाचं हुंदके देऊन रडणं मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

बाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, की 'रडू नका' म्हटलं नाही. ती दारातच उभी राहिली. हुंदके थांबल्यावर म्हणाली, "हे तुम्ही आजच पहिल्यांदा बोललात. माझ्यावर रागावून का होईना, आलात. आत्ता पाऊण तास मोकळा आहे."

"इथेच बोलतो. बाकावर बरं वाटतं."

मला काय वाटलं म्हणून सांगू! पण बाई म्हणाली, "इथे कुणीही जिना चढून येईल. हे बोलणं तुमचं आहे. आत या."

तो माझ्यावर हात टेकून उठला. दार बंद झालं. मी आणि पंखा बाहेर राहिलो. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे तो आणखी बरेच गुरुवार आला. हळूहळू आधी येऊन बसणं बंद झालं. वेळेवर यायचा, सरळ आत जायचा. मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. एका गुरुवारी पाच वाजता माझ्यावर एक नवीच मुलगी कडेला टेकलेली होती, तेव्हा समजलो. मला सांगून जायची कुणाला गरज वाटत नाही. बरी झालेली माणसं मला विसरतात. विसरावंच त्यांनी.

आता माझा पाय आणखी झिजलाय. खाली कागदाची घडी घातली आहे. कधीतरी तुम्हीही याल. या, बसा, पाहिजे तर दोनदा नुसते बसून परत जा, मी कुणाला सांगणार नाही. पण तिसऱ्यांदा उठून दार वाजवा. माझ्याकडे ऐकायला कान आहेत, पण विचारायला तोंड नाही. आत एक जण आहे, तिच्याकडे दोन्ही आहेत. उठा आता. वेळ झाली.