शत्रूचं नाव

आपलं इंग्रजी चांगलं आहे ही अफवा ओमानमधल्या सोहारच्या त्या कंपनीत सदानंद पगाऱ्यांनी स्वतःच पसरवली होती. त्यामुळे २००४ साली ती अंगाशी आली तेव्हा तक्रारीला जागा उरली नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समन मजीदने त्यांच्यापुढे एक जाडजूड बाड ठेवलं. मजीद मूळचा एडनचा. चौऱ्याण्णवच्या यादवी लढाईत घर सोडून ओमानात आलेला. हिंदी सिनेमाने त्याला हिंदी शिकवली होती आणि रागावला की ती अगदी शुद्ध व्हायची.

"पगारे साब, हमारी पार्टी का इतिहास है. उस्ताद अव्वाद ने लिखा. ज़रा अंग्रेज़ी देख लो."

पार्टी म्हणजे एडनच्या गोदीकामगारांचा एक चिमुकला पक्ष. सत्ता कधी मिळालीच नाही, पण सत्तेच्या वाटणीवरून भांडण मात्र वेळेवर झालं. आधी दोन गट, मग दोन कचेऱ्या, मग बंदुका. मजीदचा थोरला भाऊ सालेह समेटाच्या बैठकीला गेला आणि टेबलापलीकडच्या नासरने त्याला तिथेच गोळी घातली. मजीद तेव्हा जिन्यात होता. भावाला खाली त्यानेच आणलं.

पगाऱ्यांना गटबाजी समजावून सांगावी लागत नसे. मस्कतमध्ये बाबासाहेबांची जयंती एकाच हॉलमध्ये, दोन शुक्रवारी, दोन कमिट्या करत. भाषणं तीच, पुलावसुद्धा त्याच केटररचा. आपल्याकडे अजून गोळ्या सुटत नाहीत, एवढीच काय ती प्रगती.

बाडात सालेहवर एकच वाक्य होतं : 'शत्रूच्या गोळीने शहीद.'

"हा शत्रू कोण रे?"

"पहला पन्ना देखिए. जिसने प्रस्तावना लिखी है."

पगाऱ्यांनी पहिलं पान उलटलं. खाली नासरची सही होती. दोन्ही गट आता एक झाले होते. पगाऱ्यांची कानशिलं तापली. त्यांनी 'शत्रूच्या' खोडलं आणि वर ठसठशीत लिहिलं : 'नासरच्या'.

पुढच्या शुक्रवारी उस्ताद अव्वाद मस्कतहून पगाऱ्यांकडे जेवायलाच आले. सुलोचनाबाईंनी सुकं मटण आणि ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या. उस्तादांनी तीन भाकऱ्या संपवल्या, मग इंग्रजीतून इतिहासाला हात घातला.

"मिस्टर पगारे, तुम्हाला व्याकरण बघायला सांगितलं होतं."

"व्याकरणच बघितलं. वाक्याला कर्ता नव्हता."

मजीद खाली मान घालून बसला होता. उस्ताद त्याच्याकडे वळून मायेने म्हणाले, "बेटा, शहीद तो शहीद. गोळी कुणाची, हा तपशील. आज नाव घातलं तर पक्ष उद्या पुन्हा फुटेल."

"फुटू दे की!" पगारे ओरडले. "मेलेल्या माणसाला खोटं मरण देऊन पक्ष जोडता? त्याचं मरण तरी त्याचं राहू द्या!"

"तुमच्या पक्षाचे किती गट आहेत?" उस्तादांनी विचारलं.

"मोजायचं सोडलंय. पण आम्ही..."

"अहो, आवाज," सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग बाहेर येऊन उस्तादांच्या पुढ्यातलं मटणाचं भांडं त्यांनी उचललं. "आणि ह्या उस्तादांना विचारा, मजीदच्या भावाला जिन्यावरून ह्यांनी उतरवलं होतं का?"

ते भाषांतर करून सांगायला कुणी धजावलं नाही. उस्तादांनी हात धुतले, आभार मानले आणि बाड काखोटीला मारून गेले.

"इन्शाल्ला, छापेगा," मजीद म्हणाला. त्याच्या आवाजात इन्शाल्ला जरा जास्तच होतं.

वर्षभराने पुस्तक आलं. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर एडनची गोदी. ऑफिसात पगाऱ्यांनी घाईघाईने ते पान काढलं. शत्रू नव्हता. नासर नव्हता. सालेहसुद्धा नव्हता. वादाचं वाक्य म्हणून उस्तादांनी अख्खं वाक्यच काढून टाकलं होतं. समेटाची बैठक यशस्वी झाली, असं लिहिलं होतं.

पगारे रागाने पानं उलटत शेवटापर्यंत गेले. तिथे आभार होते. 'भाषेच्या संस्कारांसाठी इंजिनिअर सदानंद पगारे यांचे पक्ष सदैव ऋणी राहील.'

मजीदने खांद्यावरून वाकून ती ओळ वाचली. मग हात पुढे केला.

"बधाई हो, पगारे साब," तो अगदी शुद्ध हिंदीत म्हणाला. "आप हमारे इतिहास में आ गए."